उत्तर माहीत नसलेला प्रश्न

९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये भीमराव आंबेडकरांनी एक निबंध वाचला. त्यांना नुकतेच पंचविसावे वर्ष पूर्ण झाले होते. विषय होता भारतातील जातींची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास. आंबेडकरांच्या जातिविषयक विचारांची सुरुवात म्हणून हा निबंध आज वाचला जातो आणि ते योग्यच आहे. पण तो मुळात कशासाठी लिहिला होता, हे सहसा कोणी विचारत नाही. ते जाहीर व्याख्यान नव्हते, पुस्तकाचे प्रकरण नव्हते, पदवीचा प्रबंधही नव्हता. ते वर्गातले काम होते.

या निबंधाची रीत पाहण्यासारखी आहे. सुरुवातीला आंबेडकर तोवरच्या चार अभ्यासकांच्या व्याख्या समोर ठेवतात. फ्रेंच पंडित सेनार, ब्रिटिश अंमलदार नेसफील्ड आणि रिस्ले, आणि चौथे श्रीधर व्यंकटेश केतकर. होय, पुढे ज्ञानकोशकार झालेले तेच केतकर. ते आधीची काही वर्षे अमेरिकेतच कॉर्नेल विद्यापीठात शिकत होते आणि जातिसंस्थेच्या इतिहासावरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९०९ मध्ये निघाले होते. केतकरांनी जातीची दोन लक्षणे दिली होती : जातीत जन्मलेल्यालाच तिचे सभासदत्व मिळते, आणि जातीबाहेर लग्नाला बंदी असते. चौघांत केतकरच विषयाच्या सर्वांत जवळ पोचले, असे आंबेडकर मान्य करतात. पण ही दोन लक्षणे मुळात एकच आहेत, असेही दाखवून देतात. बाहेर लग्न करायला बंदी घातली की आत जन्मलेल्यांखेरीज दुसरा सभासद येणार कुठून?

मग ते या एकाच लक्षणाला धरून बसतात. ज्या समाजात सगोत्र विवाह निषिद्ध आहे, म्हणजे ज्याची मूळ ओढ बाहेर लग्न करण्याची आहे, त्याच समाजावर आत लग्न करण्याचे बंधन लादायचे तर काय होईल? गटात लग्नाच्या वयाचे स्त्री-पुरुष सारखे राहिले पाहिजेत. नवरा आधी मेला तर स्त्री ‘जास्त’ होते, बायको आधी मेली तर पुरुष. हे जास्तीचे माणूस गटाबाहेर जाऊ द्यायचे नसेल तर विधवेला जाळायचे किंवा जन्मभर वैधव्यात ठेवायचे, आणि विधुराला लग्नाच्या वयात न आलेली मुलगी द्यायची. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन चाली, ज्यांवर आपल्याकडे शतकभर वेगवेगळे वाद चालू होते, त्या एकाच हिशेबातून निघतात असे त्या निबंधाने मांडले. गोल्डनवायझर यांचा अभ्यास टोटेम आणि कुळसंस्थेचा. प्रत्यक्ष काम त्यांनी उत्तर अमेरिकेतल्या इरोक्वॉय लोकांत केलेले. हिंदुस्थानातल्या जातीबद्दल त्या खोलीत सर्वांत जास्त जाणणारा माणूस बहुधा विद्यार्थ्यांच्या खुर्चीत बसला होता. पुढल्या वर्षी, मे १९१७ मध्ये, तो निबंध ‘इंडियन अँटिक्वरी’त छापून आला.

विद्यापीठातल्या वरच्या पातळीच्या अभ्यासक्रमाची माझी व्याख्या या प्रसंगावरूनच झाली आहे. विषय अवघड असला म्हणजे अभ्यासक्रम वरचा होत नाही. अवघड गोष्टी बारावीतही शिकवतात. ज्या वर्गात असा प्रश्न हाताळला जातो की ज्याचे उत्तर शिक्षकाकडेही तयार नाही, तो वर्ग वरचा.

अशा वर्गाची पद्धत अमेरिकेत जर्मनीहून आली. ग्योटिंगेन विद्यापीठात योहान मातियास गेस्नर यांनी १७३८ मध्ये ग्रीक-लॅटिन भाषांच्या अभ्यासासाठी सेमिनार सुरू केला. हाल्लेमध्ये फ्रीडरिश वोल्फ यांनी १७८७ मध्ये तेच केले. एकोणिसाव्या शतकात बर्लिनला इतिहासकार रांके आपल्या निवडक विद्यार्थ्यांना घरी बोलावून मूळ दस्तऐवज पुढ्यात टाकत. हा कागद खरा कशावरून? लिहिणाऱ्याचा त्यात काय फायदा होता? विद्यार्थ्याने वाचायचे, बाकीच्यांनी खोडायचे. क्योनिग्सबेर्गला याकोबी आणि नोयमान यांनी १८३४ मध्ये गणित आणि भौतिकशास्त्राचा सेमिनार काढला. रसायनशास्त्रात लीबिश यांनी गीसेनच्या प्रयोगशाळेत तेच काम दस्तऐवजांऐवजी काचेच्या नळ्यांवर चालवले.

१८७६ मध्ये बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ निघाले ते हीच पद्धत घेऊन. तिथे १८८४ मध्ये डॉक्टरेट मिळवणाऱ्यांत जॉन ड्यूई होते. तेच ड्यूई पुढे कोलंबियात आंबेडकरांचे शिक्षक झाले. अर्थशास्त्राचे प्राध्यापक सेलिग्मन काही काळ जर्मनीत शिकून आले होते, आणि गोल्डनवायझर यांचे गुरू फ्रान्झ बोआस तर जर्मन विद्यापीठांतच घडलेले. १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीरावांची शिष्यवृत्ती घेऊन आंबेडकर न्यूयॉर्कला उतरले तेव्हा ही परंपरा तिथे चांगली रुजलेली होती. तीन वर्षांत त्यांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांची यादी उपलब्ध आहे : अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, शिवाय प्राथमिक फ्रेंच आणि जर्मन एकेक. एकूण साठ. अर्थशास्त्राचा विद्यार्थी मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये जाऊन जातीवर निबंध वाचतो, हे मुंबई विद्यापीठाच्या तेव्हाच्या चौकटीत शक्य नव्हते.

ही मोकळीक पदवीच्या पातळीवर आणण्याचे श्रेय, किंवा दोष, हार्वर्डच्या चार्ल्स एलियट यांच्याकडे जातो. १८६९ पासून चाळीस वर्षे ते तिथले अध्यक्ष होते आणि ठरावीक विषयांची सक्ती त्यांनी हळूहळू जवळपास संपवली. विद्यार्थ्याने आवडेल ते घ्यावे. व्हायचे तेच झाले : बरीच मुले सोप्या अभ्यासक्रमांच्या पायऱ्यांनी पदवीपर्यंत पोचू लागली आणि त्यांतला एकही विषय खोल शिकेनाशी झाली. १९०९ मध्ये आलेल्या लॉवेल यांनी तोडगा काढला. एका विषयात खोल जायचे, बाकीच्या क्षेत्रांतले थोडे थोडे घ्यायचे. आजचा ‘मेजर’ तिथूनच घडला. हा तोडगा सगळ्यांना मानवला असे नाही. गोव्याच्या धर्मानंद कोसंबींचे चिरंजीव दामोदर हार्वर्डला शिकत असताना जॉर्ज बर्कहॉफ यांनी त्यांना फक्त गणितावर लक्ष द्या असे सुचवले होते. त्यांनी ते ऐकले नाही, भाषा आणि इतर विषय घेतले आणि १९२९ मध्ये उत्तम पदवी मिळवली. पुढे प्राचीन नाणी हजारोंनी तोलून, संख्याशास्त्राने त्यांचा काळक्रम लावणारा हा गणिती इतिहासकार त्या न ऐकण्यातूनच झाला, असे मला वाटते.

मेजर आला म्हणजे पायऱ्याही आल्या, आणि पायऱ्यांना आकडे. बहुतेक अमेरिकन विद्यापीठांत अभ्यासक्रमाचा क्रमांक पाहिला की त्याची पातळी कळते. शंभराच्या घरातले पहिल्या वर्षाचे, दोनशेचे त्यावरचे, तीनशे-चारशेचे शेवटच्या दोन वर्षांचे. (कॅलिफोर्नियाचे गणित निराळे : बर्कलेत ९९ पर्यंतचे खालचे आणि शंभराच्या पुढचे वरचे.) खालच्या अभ्यासक्रमाला पाठ्यपुस्तक असते, मोठे सभागृह असते, परीक्षा असते. वरच्या अभ्यासक्रमात जायला आधीचे अमुक अमुक पूर्ण केलेले असावे लागते, मुले मोजकी असतात, पाठ्यपुस्तकाऐवजी मूळ ग्रंथ आणि शोधनिबंध वाचायचे असतात आणि सत्राच्या शेवटी एक लांब निबंध द्यायचा असतो. इतिहासात हे कळायला सोपे जाते. पहिल्या वर्षाला फ्रेंच राज्यक्रांतीची कारणे शिकायची; शेवटच्या वर्षाला त्याच कारणांवर तीन इतिहासकार एकमेकांशी का भांडतात ते वाचून, मूळ कागद पाहून, चौथे काही सुचते का ते बघायचे.

विज्ञानात काय होते, हे बाहेरच्याला लवकर दिसत नाही. गणिताचेच पाहा. पहिल्या वर्षी मुलगा कॅल्क्युलस शिकतो; म्हणजे विकलन आणि संकलन करायला शिकतो. उत्तर पुस्तकाच्या मागे असते. तिसऱ्या वर्षाच्या ‘अ‍ॅनालिसिस’मध्ये तीच सामग्री पुन्हा येते, पण आता विचारतात : हे चालते कशावरून? ‘जवळ जाणे’ म्हणजे नेमके किती जवळ? आकडेमोडीत पैकीच्या पैकी मिळवणारी मुले इथे अडखळतात, कारण आता उत्तर मिळवून भागत नाही, सिद्धता रचावी लागते.

टेक्सास विद्यापीठाच्या आर. एल. मूर यांनी हे टोकाला नेले होते. त्यांच्या वर्गात पुस्तक उघडायला बंदी, एकमेकांना विचारायला बंदी. ते फक्त व्याख्या आणि प्रमेये फळ्यावर लिहीत. सिद्ध तुम्ही करायची, फळ्यापाशी उभे राहून, बाकीच्यांच्या देखत. या वर्गातून अमेरिकेतले अनेक नामवंत गणिती निघाले, हे खरे. याच मूर यांनी काळ्या विद्यार्थ्यांना आपल्या वर्गात घ्यायला नकार दिला, हेही तितकेच खरे. ‘मूर पद्धत’ गौरवाने सांगताना हा दुसरा भाग वगळण्याची चाल मला मुळीच पटत नाही. स्वतः विचार करायला लावणारा वर्ग सगळ्यांसाठी उघडा असतोच असे नाही.

भौतिकशास्त्रात हे काम प्रयोगशाळेत होते. मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटीत तिसऱ्या वर्षाची ‘ज्युनियर लॅब’ प्रसिद्ध आहे. म्यूऑन या अल्पायुषी कणाचे आयुर्मान, कॉम्प्टन विकिरण असे विसाव्या शतकातले गाजलेले प्रयोग मुले स्वतः पुन्हा करतात. आकडे पुस्तकाबरहुकूम आले की नाही यापेक्षा चूक किती आणि कुठून आली, याचा हिशेब तोंडी द्यावा लागतो. आपल्याकडे बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला अपेक्षित उत्तर धरून उलटीकडून रीडिंग्ज बसवण्याची कला पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. जर्नल त्याने सुबक होते, पण त्रुटीचा हिशेब शिकायचा राहतो.

आता १९५१ कडे येऊ, कारण तिथली गोष्ट जरा सावकाश सांगण्यासारखी आहे. त्याच एमआयटीत रॉबर्ट फानो माहितीशास्त्राचा वरचा अभ्यासक्रम शिकवत होते. त्यांनी वर्गाला पर्याय दिला : शेवटची परीक्षा द्या, नाहीतर एक निबंध लिहा. निबंधाचा प्रश्न दिसायला साधा होता. अक्षरांना शून्य आणि एक यांच्या सांकेतिक ओळी द्यायच्या, अशा की संपूर्ण मजकूर कमीत कमी जागेत मावेल. जास्त वेळा येणाऱ्या अक्षराला आखूड ओळ आणि क्वचित येणाऱ्याला लांब, हे कोणालाही सुचेल. पण कमीत कमी म्हणजे खरोखर कमीत कमी, याची खात्री देणारी पद्धत कोणती? स्वतः फानो आणि माहितीशास्त्राचे जनक क्लॉड शॅनन यांनी एक पद्धत काढली होती, पण ती दर वेळी सर्वोत्तम ठरत नव्हती. प्रश्न सुटलेला नाही, हे फानो यांनी वर्गाला सांगितले नव्हते.

डेव्हिड हफमन या विद्यार्थ्याने निबंध घेतला. बराच काळ डोके लढवूनही काही निघेना, तेव्हा कागद फेकून परीक्षेच्या तयारीला लागावे असे त्याने ठरवले, आणि नेमके तेव्हाच त्याला उत्तर दिसले. फानो-शॅनन वरून खाली येत होते, म्हणजे सगळ्या अक्षरांचे आधी दोन गट, मग त्यांचे पुन्हा दोन. हफमनने खालून सुरुवात केली. समजा शंभर अक्षरांच्या मजकुरात चारच अक्षरे आहेत : र ५० वेळा, म २५, ण १५ आणि ळ १०. सर्वांत कमी येणारी दोन, ण आणि ळ, आधी एकत्र बांधायची. त्यांची बेरीज २५. आता उरले र ५०, म २५ आणि ही जोडी २५. पुन्हा सर्वांत कमी दोन बांधा : म आणि ती जोडी, झाले ५०. शेवटी ते र ला जोडा. प्रत्येक गाठीवर एका फांदीला शून्य, दुसरीला एक दिला की र ला मिळते ‘०’, म ला ‘१०’, ण ला ‘११०’, ळ ला ‘१११’. एकही ओळ दुसरीची सुरुवात नाही, म्हणून मध्ये जागा न सोडताही मजकूर वाचता येतो. प्रत्येक अक्षराला सरसकट दोन चिन्हे दिली असती तर शंभर अक्षरांना २०० लागली असती. इथे ५०, ५०, ४५ आणि ३० मिळून १७५ लागतात. याहून कमीत भागत नाही, हेही हफमनने सिद्ध केले. १९५२ मध्ये हे छापून आले. फोनमधला जेपीईजी फोटो, एमपीथ्री गाणे, झिप फाइल, सगळ्यांत हा वर्गातला निबंध आजही काम करतो आहे.

फानो यांनी प्रश्न अनुत्तरित आहे हे सांगितले असते तर हफमनने तो हातात घेतला असता का? स्वतः हफमननेच नंतर म्हटल्याचे सांगतात की बहुधा घेतला नसता. पण यावरून शिक्षकाने मुलांपासून अज्ञान लपवावे असा निष्कर्ष काढायला मी तयार नाही. महत्त्वाचे ते एवढेच की प्रश्न खरा होता, आणि तो सोडवणाऱ्याला परीक्षा माफ होती.

अशा वर्गातल्या कामाचे मोल वर्गातच कळेल असेही नाही. १९८० मध्ये येल विद्यापीठाच्या शेवटच्या वर्षाच्या माया लिन हिने स्मारक-स्थापत्यावरच्या सेमिनारसाठी व्हिएतनाम युद्धात मेलेल्यांच्या स्मारकाचा आराखडा केला : जमिनीत उतरत गेलेली काळ्या ग्रॅनाइटची भिंत आणि तिच्यावर फक्त नावे. शिक्षकांनी ‘बी’ दिला. तोच आराखडा तिने राष्ट्रीय स्पर्धेला पाठवला आणि नावे झाकलेल्या १,४२१ प्रवेशिकांतून तो निवडला गेला. शिक्षकांनीही स्पर्धेत भाग घेतला होता.

सगळे सेमिनार असेच असतात, असे समजायचे कारण नाही. पुष्कळ सेमिनारमध्ये दोघे बोलतात आणि दहा जण आदल्या रात्री न वाचलेल्या पुस्तकाची पाने चाळतात. शिवाय ही पद्धत महाग आहे, आणि शिक्षकच शिकवणार, तोच गुण देणार, तर ओळखीपाळखीला वाव राहतो. पेनसिल्व्हेनियातल्या स्वार्थमोर कॉलेजने त्यावर एक उपाय केला. अध्यक्ष फ्रँक एडलॉट यांनी ऑक्सफर्डचा अनुभव घेऊन १९२२ मध्ये तिथे ऑनर्सचा अभ्यासक्रम सुरू केला : शेवटची दोन वर्षे छोटे सेमिनार, आणि परीक्षा घ्यायला मात्र बाहेरच्या विद्यापीठांतले प्राध्यापक. त्यामुळे शिक्षक आणि विद्यार्थी एका बाजूला येतात. आपल्याकडच्या ‘एक्सटर्नल’शी याचे साम्य नावापुरतेच आहे, तिथला बाहेरचा परीक्षक विद्यार्थ्याचे लेखन वाचून त्यावर त्याच्याशी वाद घालायला येतो.

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. विद्यापीठाने अभ्यासक्रम ठरवायचा आणि परीक्षा घ्यायची, शिकवायचे ते संलग्न कॉलेजांनी. म्हणजे प्रश्न काढणारा एक, शिकवणारा दुसरा, तपासणारा तिसरा. अशा रचनेत उत्तर माहीत नसलेला प्रश्न विचारायची सोयच नसते, कारण तपासणाऱ्याच्या हातात नमुना उत्तर असावे लागते. १८६२ च्या पहिल्या पदवीधरांत रानडे आणि भांडारकर होते, पण त्यांचे संशोधन त्या परीक्षांतून आले असे म्हणणे धाडसाचे होईल.

बदल १९१९ मध्ये दिसतो. विद्यापीठाने समाजशास्त्राचा स्वतःचा विभाग काढला आणि पॅट्रिक गेडिस यांना आणले; १९२४ पासून तो विभाग केंब्रिजहून परतलेल्या गो. स. घुर्ये यांच्याकडे आला. तिथे प्रबंध लिहून एम.ए. करता येत होते. इरावती कर्वे यांनी १९२८ मध्ये घुर्ये यांच्याकडे एम.ए. केले ते चित्पावन ब्राह्मणांवर, म्हणजे स्वतःच्याच जातीवर, प्रबंध लिहून. एम. एन. श्रीनिवास यांनी म्हैसूरकडच्या विवाह आणि कुटुंबपद्धतीवर लिहिलेला एम.ए.चा प्रबंध १९४२ मध्ये पुस्तकरूपाने निघाला. भारतीय समाजशास्त्राचा मोठा भाग त्या एका विभागातल्या विद्यार्थ्यांच्या लेखनातून उभा राहिला आहे. सामग्री दूरची नव्हती. ज्याला जे गाव, जी जात, जे घर माहीत, त्यावर तो लिहीत होता.

आता पदवीच्या पातळीवर हे आणायचा प्रयत्न कागदावर तरी सुरू झाला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात अभ्यासक्रमांना पातळीनुसार क्रमांक आहेत : ३०० ते ३९९ वरचे, ४०० ते ४९९ त्याहून प्रगत, आणि या शेवटच्या गटात सेमिनार, टर्म पेपर, संशोधन प्रकल्प यांचा स्पष्ट उल्लेख आहे. चार वर्षांची पदवी १६० श्रेयांकांची, आणि ‘संशोधनासह ऑनर्स’ घेणाऱ्याला १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प. अट एकच : पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण.

या अटीपाशी मी अडतो. सहा सत्रांचे गुण बहुतांशी नमुना उत्तराशी ताडून दिलेले असतात. गाईडमधला प्रश्न उत्तम लिहिणारी मुलगी चौथ्या वर्षाला पोचेल. ज्या मुलाने दुसऱ्या वर्षी प्रश्नाच्या शब्दरचनेवरच हरकत घेऊन दहापैकी तीन मिळवले तो बहुधा पोचणार नाही. चौथ्या वर्षाआधी तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या पेपरात तरी खरा प्रश्न असायला हवा. टीवायच्या वर्गातल्या मुलांना तालुक्यातल्या आठवडे बाजाराचे भाव, ग्रामपंचायतीचे जुने रजिस्टर, आजीच्या बोलीतले शब्द, गावच्या ओढ्याचे पाणी, एवढी सामग्री हाताशी असतेच. अडचण सामग्रीची नाही. साठ-सत्तर मुलांचे कच्चे खर्डे दोनदा वाचून त्यांवर समासात लिहायला शिक्षकाला जे तास लागतील, ते वेळापत्रकात कोणत्या रकान्यात धरायचे, हे आधी ठरले पाहिजे.